प्रतिसाद: सोलापुरात मुक्काम, रोज रेल्वेने फिरणं

पुण्यात मुक्काम ठेवून विजापूर, गुलबर्गा, पंढरपूर करायचा बेत वर वाचला. त्यापेक्षा सोलापुरातच राहा, रोज बॅग भरायची कटकट नाही.

पहिला दिवस विजापूरला द्या. होटगीहून फुटणाऱ्या मार्गाने गाडी जाते आणि गोल घुमट स्टेशनापासून जवळच आहे. सकाळी लवकर पोचा. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या चढून वरच्या सज्जात गेलात की भिंतीशी हळू बोललेलंही पार समोर ऐकू येतं. सहलीची मुलं आली की नुसता कल्ला, मग त्यातलं काही कळत नाही.

गुलबर्ग्याला मुख्य लाइनवर भरपूर गाड्या. किल्ल्यातली १३६७ची जामा मशीद चुकवू नका. तिला उघडं अंगण नाही, सगळी छपराखाली आहे. पंढरपूरला कुर्डुवाडीवरून जावं लागतं, वेळ जातो, एसटी बरी. अक्कलकोटलाही एसटीच, कारण अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून लांब आहे.

परतीची गाडी आधी ठरवा, मगच सकाळची. विजापूर लाइनवर गाड्या मोजक्याच. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, दिवसभर टिकते.