सीएसएमटीची झिजलेली दगडी फुलं: नव्याने कोरायची की राहू द्यायची?

वेलबुट्टी: सीएसएमटीला कधी मान वर करून बघितलंय का, दर्शनी भागावरच्या पानाफुलांच्या काही पाकळ्या पार गुळगुळीत झाल्यात, देठ कुठला पान कुठलं कळत नाही. माझं मत, चांगले पाथरवट बसवा आणि सगळं परत कोरून घ्या. १८८८ ला इमारत पूर्ण झाली, आराखडा स्टीव्हन्स साहेबाचा असला तरी नक्षीत जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांचा हात होताच ना? मग आत्ताच्या पोरांनी केलं तर बिघडलं कुठे!

खारी_हवा: बिघडतं. सपाट झालेल्या फुलाला पाकळ्या पाच होत्या की सहा, हे कोण ठरवणार? १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्ये, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्ये, स्पष्ट आहे, अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा. झीज हाही इमारतीचा इतिहासच आहे.

वेलबुट्टी: चारपैकी एक पाकळी उडाली तर उरलेल्या तिघींवरून कळतं हो, त्याला अंदाज नाही म्हणत. आणि इतिहास इतिहास करत नक्षीतला सगळा मोर गळून पडेपर्यंत बघत बसायचं का?

चुनेवाला: तुम्ही दोघं फुलावर भांडताय, पण ते कशामुळे झिजतंय ते तर बघा. मुंबईत असल्या नक्षीला पोरबंदरचा चुनखडीचा दगड खूप वापरलाय, मऊ म्हणून छिन्नीला सोपा, पण पाणीही तितकंच पितो. समुद्राची खार आत मुरते, वाळताना मीठ पृष्ठभागाखाली जमतं आणि पोपडा सुटतो, जाताना पाकळी घेऊनच जातो. त्यात सांध्यात कुणी सिमेंट भरलं की संपलंच, एरवी सांध्यातल्या चुन्यातून बाहेर पडणारी ओल मग दगडातून वाट काढते. आधी ते सिमेंट खरवडून चुना भरा, पन्हाळी गळतायत का बघा, फटीतला पिंपळ मुळासकट काढा. नाहीतर नवीन फुलाचीही तीच गत.

लोकलवाली: +१. आणि जुन्या इमारतींच्या नक्षीत खिळे ठोकून वायरी नेतात त्यांना कोण बोलणार?? पाऊस तरी हळूहळू खातो.

वेलबुट्टी: चुना आधी, मान्य. पण पार गेलेल्या जागी नवीन दगड बसवायला तरी हरकत नसावी, नवा आहे हे कळायला हवं तर मागच्या बाजूला बसवल्याचं साल कोरा.

खारी_हवा: मागे कोण बघणार, भिंत? पुढून कोरा, बारीक चालेल पण दिसेल असं. मग माझा विरोध नाही.