जुनी बोर्डो म्हणजे श्रीमंतांची थाप? थेट_बोलतो यांच्या लेखाला उत्तर

तळघर:

थेट_बोलतो यांनी परवा इथे लिहिलं की जुन्या फ्रेंच रेड वाईनचं, त्यातही बोर्डो भागातल्या वाईनचं, कौतुक ही व्यापाऱ्यांनी उठवलेली आवई आहे. पुरावा काय, तर मेहुण्याने पॅरिसहून आणलेली, बोर्डोतल्या मेदोकची २००५ची बाटली त्यांनी दिवाळीत उघडली, तिला ओल्या चामड्याचा वास आला आणि जीभ आखडली. त्याच रात्री उघडलेली देशी वाईन मात्र 'फळांनी रसरसलेली' लागली. खाली टाळ्यांचा पाऊस. दोन ओळी खरडून सोडून देणार होतो, पण लेखातलं एक वाक्य वाचून झोप उडाली: 'बाटली सहा वर्षं हॉलमधल्या शोकेसमध्ये दिमाखात उभी होती.'

अहो, नागपुरात! मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तिथे! ही वाईन १२-१३ अंशांच्या अंधाऱ्या, दमट खोलीत आडवी पडून राहावी म्हणून केलेली असते. आडवी अशासाठी की बूच ओलं राहावं. उभ्या बाटलीतलं बूच वाळतं, आकसतं, हवा आत जाते. १९८५ साली लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात फोर्ब्स घराण्याने १७८७ची म्हणून पुकारलेली लाफित या बोर्डोतल्या नामांकित वाईनची बाटली १,०५,००० पौंडांना घेतली. प्रदर्शनात दिव्याखाली उभी ठेवली आणि बूच वाळून आत पडलं. तुमचा शोकेस त्याच जातीचा.

दुसरं असं की २००५ हे काही लगेच पिऊन टाकायचं साल नव्हतं. उन्हाळा कोरडा, दाणे लहान, दाण्यांची साल जाड, टॅनिन (जीभ आखडवणारा तुरट अंश) रगड. त्यात मेदोक म्हणजे नदीचा डावा काठ, काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचं राज्य. नदीपलीकडे पोमरोलला मेर्लो द्राक्ष जास्त, त्याची वाईन लवकर मऊ होते. मेदोकातल्याच सँ-ज्युलियाँची लेओविल बार्तों घ्या. बोर्डोच्या १८५५च्या वर्गवारीतली दुसऱ्या श्रेणीची वाईन, बार्तों या मूळच्या आयरिश घराण्याकडे १८२६पासून. साधारण पाऊण हिस्सा काबर्ने. तिच्या चांगल्या सालांना वीस वर्षं म्हणजे काहीच नाही. अशी वाईन पहिली काही वर्षं फळ दाखवते, मग चक्क तोंड मिटून घेते आणि कित्येक वर्षं मिटूनच बसते. पुन्हा बोलू लागते तेव्हा ब्लॅककरंट-जांभळाची भाषा गेलेली असते. देवदार, तंबाखू, पेन्सिलीचं शिसं, पावसानंतरची रानातली माती असं काहीबाही येतं. ती 'सुधारते' असं मी म्हणत नाही. ती वेगळी होते. ते वेगळेपण कुणाला नको असेल तर नको, पण त्याला थाप म्हणू नका.

थेट_बोलतो:

वा. म्हणजे वाईन आवडली तर श्रेय बोर्डोचं, नाही आवडली तर दोष माझ्या शोकेसचा. हा बचाव कायमचा अजिंक्य आहे. उघडली तर 'लवकर उघडलीत', थांबलो तर 'वेळ गेली', मधली वेळ साधली तर 'नीट साठवली नव्हती'. आमच्या गल्लीतला भोंदूबाबासुद्धा इतका पक्का नाही.

आणि ती १७८७ची बाटली! ती अस्सल होती की नाही यावर पुढे किती रण माजलं ते नाही सांगितलंत. बाटलीवर खणलेली अक्षरं, अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांचं नाव, आणि जगातले मोठमोठे नाकवाले माना डोलवत होते. रूडी कुर्नियावान हा भामटा तर स्वयंपाकघरात बनावट जुन्या वाईनच्या बाटल्या भरायचा, लोक लाखो डॉलर मोजून घ्यायचे. २०१३ला दोषी ठरला, पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. इतकी वर्षं तुमच्या जाणकारांच्या जिभा काय करत होत्या?

काळी_मैना:

+१. आणि पॅरिस १९७६ कुणी काढलंच नाही अजून? स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन-व्यापाऱ्याने फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या बाटल्या झाकून चाखायला ठेवल्या, परीक्षक सगळे फ्रेंच, आणि रेडमध्ये स्टॅग्ज लीप १९७३ पहिली. कॅलिफोर्नियाची! मग रडारड सुरू: आमच्या वाईन अजून मुरायच्या होत्या, थांबा तीस वर्षं. थांबले. २००६ला त्याच रेड पुन्हा चाखल्या. पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे. रिज माँटे बेलो १९७१ पहिली, बोर्डोची मुताँ सहावी. आता बोला.

तळघर:

बोलतो ना. मुरण्याचा मक्ता एकट्या बोर्डोकडे नाही, हे तुमचं म्हणणं दिलं. घ्या, पेढे वाटा. पण २००६ला पहिली आलेली ती माँटे बेलो पस्तीस वर्षांची काबर्नेच होती ना? पस्तीस वर्षांनी ती मेलेली नव्हती, उलट सगळ्यांवर भारी पडली. म्हणजे 'जुनी वाईन ही थाप' हे तुमच्या लाडक्या उदाहरणाने कुणाचं खोडलं? माझं की थेट_बोलतो यांचं?

काळी_मैना:

शब्दांचे खेळ छान जमतात तुम्हाला.

निफाडी:

राम राम मंडळी. तळघर साहेब, त्या देशी वाईनला 'रसरसलेली' म्हटल्यावर तुम्ही जे नाक मुरडलंत ते आमच्या तालुक्यापर्यंत दिसलं. जरा शेताकडं पण बघा.

बोर्डोचा वेल हिवाळ्यात झोपतो. वसंतात डोळे फुटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणी, म्हणजे दाणा पिकतो तसतसा गारवा वाढत जातो. आमचा वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी, आणि माल पिकायला लागतो तोवर फेब्रुवारीचं ऊन चढायला लागतं. साखर पळते, आम्लता पडते. आम्लता पडली की वाईन कितीही ओकच्या पिंपात घाला, तिला पंचवीस वर्षांचा दम कुठून येणार? म्हणून आमच्याकडं ताजी प्यायची वाईन करतात, आणि ती अक्कलहुशारीनं करतात.

आता दुखणं सांगतो. २००१ला सरकारचं वाईन धोरण आलं. गावात सगळे काबर्ने, शिराझ लावायला धावले, आमच्या वडिलांनी पण थॉमसन (खायची द्राक्षं) काढून लावली. २००८-०९ची मंदी आली आणि एका वायनरीनं (नाव घेत नाही) करार केलेला माल उचलला नाही. फोन उचलेनात. घड वेलीवर सुकले. वडिलांनी पुढच्या हंगामात बाग मुळासकट काढली, कुणाशी दोन दिवस बोलले नाहीत. म्हणून मला कुणी शिकवू नका की जुन्या वेलीच्या द्राक्षात खोली असते. वेलीला म्हातारी होऊ तर द्या.

आपला_माणूस:

निफाडी दादा, आठवा ते २०२२! सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंत्रिमंडळाने जानेवारीत परवानगी दिली, केवढा गदारोळ झाला, अण्णा हजारे उपोषणाला निघाले. शेतकऱ्याच्या नावावर काढलेला निर्णय शेवटी बारगळलाच. तेव्हा विरोध करणारे कोण होते ते सगळ्यांना माहीत आहे.

थेट_बोलतो:

शेतकऱ्याचं नाव, फायदा कारखानदाराचा. मी तेव्हाही विरोधात होतो.

निफाडी:

तुमच्या विरोधानं आमची बाग वाचली नाही आणि त्यांच्या पाठिंब्यानं पण नाही. आणि तुम्ही तर वर देशी वाईन पिऊन खूश झालायत. दुकानात नको, पण शोकेसात चालते होय?

आपला_माणूस:

😂 हाणला.

थेट_बोलतो:

वैयक्तिक होऊ नका. मी परवाना काढून पितो.

रसायनी:

राजकारण बाजूला ठेवता येईल का? विषय टॅनिनचा आहे.

सालीतलं आणि बियांतलं टॅनिन व रंगद्रव्यं काळानुसार एकमेकांना चिकटतात, साखळ्या बदलतात, काही जड होऊन तळाशी बसतात. तोच गाळ. म्हणून जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. बुचातून अगदी किंचित प्राणवायू जातो, तो या सगळ्यात भाग घेतो. तापमान वाढवलं की या क्रिया नुसत्या जलद होत नाहीत, त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बिघडतं. म्हणून नागपुरातली सहा वर्षं म्हणजे बोर्डोतली वीस वर्षं असा हिशोब करू नका; तिथे वाईन म्हातारी होत नाही, शिजते. मोठ्या बाटलीत बूच जवळपास तेवढंच, वाईन दुप्पट, म्हणून मॅग्नम (दुप्पट मापाची बाटली) हळू मुरते.

मात्र तळघर यांनाही एक टोचणी. टॅनिन भरपूर म्हणजे वाईन टिकणारच, हा समज चुकीचा. १९७५च्या कित्येक बोर्डोंमध्ये टॅनिन उरलं आणि फळ आधीच निघून गेलं. लोक वाट बघत बसले आणि हाती आला फक्त तुरटपणा. उलट १९८२ची वाईन तरुणपणीच इतकी मऊ आणि गोडसर वाटायची की टिकणार नाही असं कित्येक समीक्षक म्हणाले. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने तिची बाजू उचलून धरली आणि तिथून त्याचं नाव झालं. ८२च्या उत्तम बाटल्या आजही उभ्या आहेत.

तळघर:

७५चं खरं आहे. पण मी 'टॅनिन रगड' म्हणालो ते २००५च्या संदर्भात, आणि त्या साली फळही तेवढंच होतं. पार्करचं नाव काढलंत म्हणून सांगतो: त्याच्या शंभरपैकी गुणांनी पुढे बोर्डोचं जे वाटोळं केलं ते वेगळ्या धाग्यात बोलू. सगळ्यांनी द्राक्षं जास्त पिकवली, नवं ओक ओतलं, तीन वर्षांत आवडेल अशी वाईन केली. थेट_बोलतो यांना हवी तीच!

लोणचेवाला:

साध्या भाषेत: कैरी चांगली, मीठ पुरेसं आणि बरणी कोरडी असेल तरच लोणचं मुरतं. नाहीतर बुरशी. बोर्डोचंही तेच.

रसायनी:

लोणच्यात मीठ घालून जंतू थोपवतो. इथे मीठ कुठलं? उपमा गोड आहे, बरोबर नाही.

टुलूझकर:

उशिरा आलो. मी टुलूझला विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे, त्यामुळे वाईनचं ज्ञान सहकाऱ्यांच्या कृपेने. इथे कुणी बोर्डोची आरती करत नाही हे आधी सांगतो. इथल्या माणसाला विचाराल तर तो मादिराँ सांगेल. ताना द्राक्ष, टॅनिन असं की पहिल्या घोटाला हिरड्या बोलतात. किंवा काओरची मालबेक. निम्म्या किमतीत पंधरा वर्षं टिकते, पण लेबलवर शातोचं (मळ्यातल्या वाड्याचं) चित्र मोठं नाही, म्हणून तुम्हा लोकांना माहीत नाही.

तरीपण. एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांनी रविवारच्या जेवणाला १९९०ची सँ-ज्युलियाँ काढली. आदल्या दिवशीच बाटली उभी करून ठेवली होती, गाळ तळाला बसावा म्हणून. बूच अर्ध्यात तुटलं, म्हाताऱ्याने शिवी घातली, उरलेलं दोन पात्यांच्या ओपनरने काढलं. बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरून कॅराफेत (काचेच्या सुरईत) ओतताना खांद्यापाशी काळी रेघ आली तसा हात थांबला; तळातली दोन बोटं वाईन तशीच ठेवली, मागूनही दिली नाही. ग्लास तिरका केला तर कडेला विटकरी-नारिंगी कड, मध्ये अजून गडद. वास घेतला: काही नाही. मला वाटलं गेली. बदक ताटात येईपर्यंत अर्धा तास गेला असेल, आणि मग सिगारच्या लाकडी डब्याचा वास, वाळलेली पानं, आणि सगळ्यात खाली ब्लॅककरंटचा एक हलका धागा. तुरटपणा होता, पण टोचत नव्हता. थेट_बोलतो, तुम्ही 'ओलं चामडं' म्हणता ते थोडं होतंच त्यात. मला आवडलं, माझ्या बायकोला नाही. तिने अर्धा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि लिंबू सरबत मागितलं.

थेट_बोलतो:

वहिनींना माझा नमस्कार सांगा. एकट्याच शहाण्या निघाल्या.

ठीक आहे, शोकेसचं मान्य करतो, म्हणजे तळघर साहेबांचा रक्तदाब उतरेल. पण मूळ प्रश्न तसाच आहे. ज्या वस्तूला वीस वर्षं १३ अंशांची खोली लागते, आणि जिच्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातशुल्क बसत आलं, ती विकत घेऊन वाट बघण्याचा सल्ला मध्यमवर्गीय माणसाला का देता?

तळघर:

कोण देतंय? फ्रान्समधलीही बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असते. बोजोले नूव्हो ही ताजी प्यायची वाईन तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाहेर येते, तिला शोकेसमध्ये ठेवणारा वेडा. मुरवायच्या बाटल्या मूठभर. त्यांच्यासाठी वाट बघणं हे ग्राहकाचंच काम असावं असंही नाही. शातो लातूरने (आपलं नव्हे, मेदोकातल्या पॉइयाकचं) २०१२च्या सालापासून पिंपातली वाईन आगाऊ विकणं बंद केलं. स्वतःच्या तळघरात मुरवतात आणि पिण्याजोगी झाली की बाजारात आणतात.

काळी_मैना:

आणि त्या भाड्याचे पैसे किमतीत लावतात.

तळघर:

लावतात. फुकट कोण ठेवेल?

निफाडी:

आमच्या मालाला कुणी आठ दिवस ठेवायला तयार नव्हतं, आणि इथं दहा-दहा वर्षं सांभाळतात. असो.

नवा_भिडू:

माझ्याकडे मेदोकातल्या सँत-एस्तेफची २०१६ची बाटली आहे. ठाण्यात फ्लॅट, बाटली किचनच्या वरच्या कपाटात. उघडू का ठेवू?

तळघर:

२०१६ला २०३५पर्यंत हात लावू नका. उत्कृष्ट साल.

रसायनी:

किचनच्या वरच्या कपाटात २०३५?? गॅसची सगळी वाफ तिथेच जाते. या शनिवारी उघडा, दोन तास आधी कॅराफेत ओता.

थेट_बोलतो:

मटण करा आणि पत्ता पाठवा.