मदत हवी: प्रिंटरवर काढलेली चकती वाकायलीय, पेरणी तोंडावर

औसेकर_पोरगा: थ्रीडी प्रिंटरवर चकती काढली, वाकली. दुसरी काढली, तीबी वाकली. तिसरीला ९ तास गेले, मधी दोनदा लाईट गेली. मृग चार दिवसांवर आलाय. लवकर सांगा काय करू.

वाळूजवाला: बेड (ज्याच्यावर प्रिंट बसते ती तापणारी पाटी) लेव्हल केला का? कोपरे उचलत असतील तर ब्रिम (कडेला पातळ झालर) द्या, बेड ६० अंशावर ठेवा, ग्लू स्टिक घासा. खोलीतला पंखा बंद. माझ्याकडं हेच व्हायचं.

औसेकर_पोरगा: बेडवर नाही हो वाकत. उतरवताना काचेसारखी सपाट असते.

नांदेडची_मास्तरीण: मग वाकते कधी? चकती कशाची? मटेरियल कोणतं?

औसेकर_पोरगा: पांढरं.

नांदेडची_मास्तरीण: रंग नाही विचारला भाऊ. रिळावरचं लेबल वाचा.

औसेकर_पोरगा: पीएलए प्लास्टिक. पेरणी यंत्राची चकती आहे, सोयाबीनची, हिच्या खाचेत एकेक दाणा बसून खाली सुटतो. कंपनीची तुटली, दुकानदार पंधरा दिवस म्हणतो. घरी बसवली की मस्त फिरते, दुसऱ्या दिवशी डब्याला घासते अन् दाणे फुटतात. यंत्र पत्र्याच्या शेडात उभं आहे.

नांदेडची_मास्तरीण: हे आधी सांगायचं ना. पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतं. दुपारी तापलेल्या पत्र्याखालच्या लोखंडी डब्यात बंद करून ठेवलं, त्यात स्क्रूने आवळलं, तर ते वाकणारच. प्रिंटर ठीक आहे, पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक घ्या. ते साधारण ८० पर्यंत ताठ राहतं.

जुना_लेथवाला: हा सगळा पोराटोरांचा खेळ. नायलॉनचा रॉड आणा, लेथवर कापा, भोकं ड्रिलनं पाडा. अर्ध्या दिवसाचं काम. तीस वर्षं करायलोय.

वाळूजवाला: काका, चकतीच्या खाचा तिरक्या असतात, ड्रिलनं सरळ भोक पडेल. दाणा सुटायचा कसा?

जुना_लेथवाला: फाईल नावाची वस्तू ऐकली का कधी?

रेझिन_राजा: रेझिनवर (उजेडानं घट्ट होणारा द्रव) काढा, फिनिश बघाल तर वेडे व्हाल.

नांदेडची_मास्तरीण: साधं रेझिन दगडावर आपटलं की बिस्किटासारखं फुटतं. रानात न्यायची वस्तू आहे ही.

माहितीखोर: या सगळ्याची सुरुवात चार्ल्स हल यांनी १९८४ ला स्टिरिओलिथोग्राफीच्या (रेझिन उजेडानं घट्ट करून थर रचायच्या पद्धतीच्या) पेटंटसाठी अर्ज केला तिथून. तार वितळवून थर रचायची पद्धत स्कॉट क्रम्प यांची. तिचं पेटंट २००९ ला संपलं, म्हणून आज प्रिंटर औशापर्यंत पोचला.

औसेकर_पोरगा: माझी चकती २००९ च्या आधीच तुटायला पाहिजे होती म्हणजे.

वाळूजवाला: पीईटीजी आणायला वेळ नसेल तर पीएलए ओव्हनमध्ये भाजून घ्या, उष्णता सोसतं.

नांदेडची_मास्तरीण: भाजलं की आकसतं. खाचेचं माप गेलं तर दाणा बसेल कशात? औसेकर, पीईटीजीला नोझल (तार वितळून निघते ते तोंड) २४० अंशाच्या आसपास, बेड ७५. रीळ दमट असेल तर तार निघताना फुसफुस आवाज येतो, आधी वाळवा. काचेचा बेड असेल तर ग्लू स्टिक लावाच, नाहीतर चकतीसोबत काचेचा टवका निघेल. छापलेली भोकं मापापेक्षा जरा लहान येतात, खाच थोडी मोठी धरा. चकती आडवीच छापा. आणि मधला दांडा वेगळा, लोखंडाचाच ठेवा. चकतीसोबत उभा छापला तर थरावरून कापला जाईल.

जुना_लेथवाला: शेवटी लोखंडच लागलं ना.

परभणीकर: चकतीचं राहू द्या, बियाणं उगवून बघितलं का? १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, ७० तरी उगवले पाहिजेत. अन् ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका. घाई करून दुबार पेरणी झालेली माहीत आहे.

औसेकर_पोरगा: लातूरहून पीईटीजी आणलं, काल काढली. जुनी अन् नवी दोन्ही १२ ते ३ पत्र्यावर ठेवल्या, वर वीट. जुनीची पोळी झाली, नवी तशीच्या तशी. मास्तरीणबाई, उपकार झाले. पण आता एका खाचेत दोन-दोन दाणे यायलेत.

नांदेडची_मास्तरीण: खाच किती मोठी केली? वाण कोणतं?

वाळूजवाला: चकती किती वेगानं फिरते?

औसेकर_पोरगा: आभाळ भरून आलंय. मापतो अन् सांगतो.