मदत हवी आहे : अणुभट्टी आणि साठवण यांची जोडी नक्की कुठे जमते?

मंडळी, जाणकारांनी जरा उलगडून सांगा. अणुऊर्जा की बॅटरी, हा वाद मला फारसा पटत नाही. अणुवीज प्रकल्पाचा बहुतेक खर्च उभारणीतच होतो, इंधनाचा त्यामानाने कमी. म्हणजे दुपारी सौरवीज मुबलक असताना भट्टी मंद केली तर वाचतं काय? फ्रान्समध्ये मागणीनुसार भट्ट्यांची शक्ती कमी-जास्त करतात हे माहीत आहे. पण शक्ती उतरवली की झेनॉन-१३५ (विखंडनातून भट्टीत तयार होणारा वायू) काही तास वाढत जातो, साखळी अभिक्रिया चालू ठेवणारे न्यूट्रॉन गिळतो आणि लगेच परत वर येणं अवघड होतं. त्यापेक्षा भट्टी पूर्ण चालू ठेवून जादा ऊर्जा साठवलेली बरी, असं माझं मत.

इथेच गाडी अडते. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या नॅट्रियम अणुवीज प्रकल्पाची रचना अशी, की ३४५ मेगावॉटची सोडियम-शीतित (पाण्याऐवजी द्रवरूप सोडियमने उष्णता वाहून नेणारी) भट्टी वितळलेल्या मिठात उष्णता साठवेल आणि गरजेच्या वेळी काही तास ५०० मेगावॉटपर्यंत वीज देईल. सोडियम चांगलाच तापतो, म्हणून तिथे हे शोभतं. पण आजच्या बहुतेक भट्ट्या पाण्यावरच्या, त्यांचं पाणी ३०० अंशांच्या आसपास. आणि नेहमीचं नायट्रेट मीठ २२०-२४० अंशांनाच गोठू लागतं, म्हणजे उष्णता साठवायला मधे वाव थोडाच उरतो. मग अशा भट्टीला मिठाची टाकी जोडण्यात अर्थ आहे का? की सरळ वीज करून उदंचन जलविद्युतमध्ये (पाणी वरच्या धरणात चढवून, गरजेला खाली सोडून वीज करणं) साठवावी? त्यात २०-३० टक्के वीज वाया जाते खरी, पण तंत्र जुनं आणि भरवशाचं.

वीज केंद्रात काम केलेलं कुणी आहे का इथे? वाफेचा काही भाग टर्बाइनआधीच वळवला तर टर्बाइनला ते कितपत झेपतं?