श्रीनगरहून एका दिवसात गुलमर्ग, जानेवारीअखेर: गाडी, गाइड, गोंडोला यासाठी मदत हवी आहे

कोकणवारा

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात श्रीनगरला चार रात्रींचा मुक्काम ठरला आहे. त्यातला एक दिवस गुलमर्गला जाऊन बर्फात घालवायचा आणि रात्री परत श्रीनगरला यायचं, असा बेत आहे. सोबत यजमान, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय 66, रक्तदाबाची गोळी रोज चालू, गुडघे बरे).

एका एजंटने "गाइडेड डे ट्रिप" म्हणून एकरकमी भाव दिलाय. त्यात गाडी, गाइड आणि गोंडोला (तिथली दोन टप्प्यांची केबल कार) एवढंच लिहिलंय, बाकी तपशील काही नाही. अशा पॅकेजमध्ये नेमकं काय विचारून घ्यावं? गाइड खरंच लागतो का? गोंडोलाचा दुसरा टप्पा सासूबाईंना झेपेल का? आणि कपडे इथून न्यावेत की तिथे भाड्याने घ्यावेत? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

डोंगरवाट

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट: गुलमर्गचा दिवस मुक्कामाच्या शेवटी ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ठेवा आणि त्यानंतरचा एक दिवस मोकळा सोडा. हिवाळ्यात पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं हवामान) आला की रस्ता, गोंडोला आणि विमान तिन्ही एकदम अडकतात. शेवटच्या दिवशी अडकलात तर हातात काहीच उरत नाही.

आता रस्ता. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण 50 किमी, नारबल, मागाम, टंगमर्ग असा. टंगमर्गपर्यंत सपाट आणि सोपा. खरी परीक्षा टंगमर्गच्या पुढच्या 13 किमीच्या घाटात. ताजा बर्फ पडलेला असेल तर टंगमर्गच्या नाक्यावर पोलीस फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना घसरू नये म्हणून चेन लावलेल्या गाड्या वर सोडतात. तुमची श्रीनगरची गाडी तिथेच थांबते आणि पुढे टंगमर्गच्या टॅक्सी युनियनची गाडी घ्यावी लागते. पॅकेजवाले याच ठिकाणी गप्प बसतात. म्हणून एजंटला सरळ विचारा: "टंगमर्ग ते गुलमर्ग जाऊन-येऊन गाडी तुमच्या पैशांत आहे का, आणि बर्फ असला तरी आहे का?" उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. तोंडी "हो हो, सब कुछ इन्क्लुडेड" याला टंगमर्गला काही किंमत नाही.

श्रीनगरचाच ड्रायव्हर चेन घेऊन वर नेतो म्हणाला, तर चेन कोणत्या चाकांना लावतोय ते बघा. चेन इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांनाच लागते. इनोव्हा क्रिस्टा, सुमो या मागच्या चाकांवर चालतात, तर बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या. क्रिस्टाच्या पुढच्या चाकांना चेन लावली तर चढावर मागची चाकं जागीच फिरत राहतात आणि गाडी आडवी होते. घाई असली की ही चूक सर्रास होते. कोरड्या डांबरावर चेन तशीच ठेवून गाडी पळवली तर कडी तुटते आणि चाकाच्या कमानीत अडकते, म्हणून घाट उतरल्यावर ती काढायला दहा मिनिटं लागली तर लागू द्या.

वेळेचं गणित असं ठेवा. त्या दिवसांत श्रीनगरला नीट उजाडायलाच साडेसात होतात. साडेसातला निघा, नऊच्या आसपास टंगमर्ग, बूट-बिट घेऊन दहा-सव्वादहापर्यंत गुलमर्ग. परतीला गुलमर्ग साडेतीनला सोडायचं, चार ही शेवटची मर्यादा. दुपारभर उन्हाने वितळलेलं पाणी ऊन डोंगराआड गेलं की रस्त्यावर पातळ काचेसारखं गोठतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही, डांबर ओलं आहे एवढंच वाटतं. घाटातले बहुतेक घसरण्याचे प्रकार याच वेळी होतात. पॅकेजमध्ये "रात्री आठपर्यंत परत" लिहिलं असेल, तर गुलमर्गहून निघण्याची वेळ वेगळी लिहून मागा.

हिमरेषा

गोंडोलाचं मी लिहिते.

तिकीट फक्त ऑनलाइन, जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत साइटवर. तारीख आणि वेळेचा स्लॉट ठरलेला असतो आणि तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं. त्यामुळे एजंट "तिकीट वर गेल्यावर मिळेल" म्हणत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. तुम्ही स्वतःच काढा, सकाळचा स्लॉट घ्या आणि पॅकेजमधून गोंडोलाची रक्कम वजा करायला सांगा. दुसऱ्या टप्प्याची तिकिटं आधी संपतात. दुसऱ्या टप्प्यासाठी पहिल्याचं तिकीट लागतंच.

उंची लक्षात घ्या. श्रीनगर सुमारे 1,585 मीटर, गुलमर्ग 2,650, पहिल्या टप्प्याचं कोंगडूरी सुमारे 3,080, दुसऱ्या टप्प्याचं अफरवटचं स्टेशन 3,950 च्या आसपास. म्हणजे न्याहारी 1,585 वर आणि दुपारच्या आत 3,950 वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्केच असतो. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. तरुण, धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं, मळमळतं.

सासूबाईंसाठी माझं मत स्पष्ट आहे: पहिला टप्पा आरामात, दुसरा नको. रक्तदाबाची गोळी त्या दिवशी चुकवायची नाही, आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना "3,000 मीटरवर दोन तास" एवढं सांगून विचारून घ्या. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) मनाने देऊ नका, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही आणि ती लघवी वाढवते. बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या छोट्या डब्यावर भिस्त नको, तो काही मिनिटांत संपतो. त्रास झाला तर खरा उपाय एकच, पुढच्या केबिनने खाली येणं.

एक केबिन सहा जणांची, पहिल्या टप्प्याला जेमतेम नऊ-दहा मिनिटं लागतात. वर पोचल्यावर आधी परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ फलकावर बघा, मग फोटो.

रानपाखरू

हिमरेषा यांच्याशी बाकी सगळ्यात सहमत, पण दुसरा टप्पा सरसकट सगळ्यांना वर्ज्य नाही. ताई आणि त्यांचे यजमान आळीपाळीने जाऊ शकतात, एकजण कोंगडूरीला मुलगी आणि आजींसोबत थांबेल. निरभ्र दिवशी अफरवटवरून दिसणाऱ्या रांगा बघण्यासारख्या असतात. फक्त दोन अटी पाळा. एक, वर गेलात की स्टेशनच्या आसपासच, हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या आत. दोन, वारा वाढतोय असं वाटलं तर लगेच खाली या, कारण वाऱ्याने आधी दुसराच टप्पा बंद होतो आणि मग वरच्यांना उतरवायला रांग लागते.

दोरीबद्दल जरा जोर देऊन सांगतो. अफरवटचे उतार हे जगभरचे स्कीअर ज्यासाठी येतात ते मोकळे, खडे उतार आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात परदेशी स्कीअर दगावले आहेत. ताज्या बर्फावर वाऱ्याने घट्ट थर साचतो, खालचा थर भुसभुशीत असतो आणि माणसाच्या वजनाने वरचा थर पाटीसारखा सुटतो. त्यामुळे मोठ्या बर्फवृष्टीनंतर दुसरा टप्पा उशिरा सुरू होतो किंवा त्या दिवशी होतच नाही. तो सुरू करा म्हणून खिडकीवर वाद घालणारे पर्यटक दर वर्षी दिसतात, कृपा करून त्यांच्यात सामील होऊ नका.

गाइडचं म्हणाल तर पहिल्या टप्प्यासाठी गाइड लागत नाही. केबिनमध्ये बसणं आणि उतरणं यात दाखवण्यासारखं काही नाही. "गाइडशिवाय गोंडोलात घेत नाहीत", "आज रस्ता बंद आहे, घोड्यानेच जावं लागेल" ही वाक्यं गाडीतून उतरताच कानावर पडतील. शांतपणे नाही म्हणा आणि चालू लागा. वाहनतळापासून गोंडोलाचं स्टेशन साधारण एक किलोमीटर, सपाट. आजींना बर्फात चालणं जड वाटलं तर स्लेज (माणसाने ओढायची बर्फावरची घसरगाडी) घ्या, पण भाव ठरवताना "स्टेशनपर्यंत, जाऊन-येऊन, इतक्या जणांचे एकूण" असं पूर्ण वाक्य बोला. नुसता आकडा ठरवलात तर उतरताना तो माणशी होतो, किंवा "पॉइंट"नुसार, म्हणजे दाखवलेल्या प्रत्येक जागेमागे होतो. पर्यटन विभागाचे दरफलक लावलेले असतात, त्याचा फोटो काढून ठेवा आणि बोलणी करताना तो दाखवा.

गाइड घ्यायचाच तर तो कामासाठी घ्या: मुलीला तासभर स्कीइंग शिकवायला. पर्यटन विभागाचं ओळखपत्र बघा, नाव आणि चेहरा जुळतोय ना ते बघा. सात वर्षांच्या मुलीला खालच्या, गोल्फ कोर्सकडच्या सौम्य उतारावरच शिकवायचं. बूट पायाच्या मापाचा आणि घोट्याशी घट्ट हवा. बूट सैल असला की घोटा मुरगळतो, आणि एवढ्या लहान मापाचे बूट सकाळीच संपतात, म्हणून स्कीइंग आधी, गोंडोला नंतर असं करता येतंय का बघा. तसं करायचं तर स्लॉट बाराच्या पुढचा नको, नाहीतर परतीची वेळ हुकेल.

कोकणवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, केवढं तपशीलवार लिहिलंत! पॅकेज मोडून फक्त गाडी घेऊ असं ठरतंय. कपड्यांचं राहिलंच. आमच्याकडे साधे स्वेटर आणि एकेक जाडजूड जॅकेट आहे. आणि गोंडोला त्या दिवशी बंदच निघाला तर मुलीचा अगदी हिरमोड होईल, त्यासाठी काही पर्याय आहे का?

उबदार

जॅकेट आहे ना, मग टंगमर्गला मिळतो तो लांब कोट भाड्याने घेऊ नका. तो जड असतो, अनेकांच्या अंगावरून आलेला असतो आणि भिजला की वाळत नाही. टंगमर्गला फक्त गमबूट घ्या. ड्रायव्हर ज्या दुकानासमोर गाडी उभी करेल त्याच्या शेजारच्या दोन दुकानांतही भाव विचारा.

बूट घेताना हात आत घालून बघा, बऱ्याचदा आतून दमट असतात. तळव्याची नक्षी झिजलेली असेल तर बदलून मागा, गुळगुळीत तळवा म्हणजे बर्फावर नक्की आपटणं. माप एक नंबर मोठं घ्या. आत एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा, बस्स. तीन-तीन मोजे कोंबले की पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. बूट दमटच मिळाला तर दोन मोज्यांच्या मध्ये प्लास्टिकची पिशवी घाला.

जीन्स अजिबात नको. बर्फात बसलं की ती पाणी शोषते आणि मग दिवसभर गार पट्टी गुंडाळल्यासारखी लागते. थर्मलवर ट्रॅक पँट आणि त्यावर पावसाळी पँट, ही आपली सह्याद्रीतली पावसाळी पँट उत्तम चालते. मुलीला हातमोज्यांच्या दोन जोड्या, वरचा थर पाणी न शिरणारा. लोकरीचा हातमोजा बर्फाचा गोळा करताना दहा मिनिटांत चिंब होतो. गॉगल आणि सनस्क्रीन मुलीलाही लावा. बर्फावरून ऊन परावर्तित होतं, संध्याकाळी डोळे चुरचुरतात आणि हनुवटीखालची कातडीसुद्धा भाजते.

मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, किमान एकाचं पोस्टपेड हवं. गोंडोलाचं तिकीट छापून न्या, मूळ आधार कार्डं सोबत.

डोंगरवाट

गोंडोला बंद निघाला तर: तिकिटाचे पैसे कॉर्पोरेशनने फेरी रद्द केली तरच परत मिळतात, तुम्ही उशिरा पोचलात तर नाही. त्यामुळे खिडकीवर "बंद" जाहीर होईपर्यंत तिथून हलू नका आणि तिकीट जपून ठेवा.

मुलीसाठी खरं तर गुलमर्गचं खालचं मैदानच पुरेसं आहे. बर्फ असेल तर गोंडोलाशिवायही दोन-तीन तास मजेत जातात. घाटच बंद असला तर टंगमर्गहून थोड्याच अंतरावर द्रुंगचा धबधबा आहे, कडाक्याच्या थंडीत तो गोठतो आणि कड्यावरून बर्फाचे जाड सुळके लटकतात. त्यांच्या थेट खाली उभं राहायचं नाही, दुपारी ऊन लागलं की तुटतात.

आणि त्या आठवड्यात गुलमर्गला बर्फच नसेल, तर? तसंही होतं. जानेवारी 2024 मध्ये महिनाअखेरपर्यंत मैदान उघडं होतं आणि 2025 मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीच्या काळाच्या, अगदी शेवटाला तुम्ही जाताय, त्यामुळे शक्यता चांगली आहे. तरी श्रीनगर हवामान केंद्राचा अंदाज आदल्या चार दिवसांपासून बघत राहा. मोकळा ठेवलेला दिवस सोनमर्गला वापरता येईल. अंतर सुमारे 80 किमी, आणि जानेवारी 2025 मध्ये झेड-मोड बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही तिथे गाडी जाते. तिथेही गाडीवाल्याला हाच प्रश्न: शेवटचा टप्पा कोणाच्या गाडीने आणि कोणाच्या पैशांत.

हिमरेषा

एक राहिलं. आजींसाठी थर्मासमध्ये कोमट पाणी श्रीनगरहूनच भरून घ्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून ज्येष्ठ माणसं पाणी टाळतात, शिवाय वर स्वच्छतागृहाचे नळ गोठलेले असतात म्हणूनही टाळतात, आणि मग डोकेदुखी उंचीची की पाणी कमी पडल्याची हे कळत नाही. गोंडोलात बसण्याआधी खालच्या स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात जाऊन या, म्हणजे त्यांना वर निर्धास्तपणे पाणी पिता येईल.