चर्चा: नमाज, रोजे, हज सगळं झालं; पण बहिणीचा वाटा आणि बायकोची मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम) राहिली, तर आखिरतमध्ये (मृत्यूनंतरच्या जगात) हिशेब कसा लागतो?

खाडीकाठची

रमजानमध्ये बयान (प्रवचन) ऐकताना दोजखची (नरकाची) आग, कबरीत सवाल करणारे फरिश्ते मुनकर-नकीर, नरकावरचा पूल पुलसिरात हे सगळं तपशिलात कानावर पडतं. त्यावर माझा ईमान आहे. तक्रार एवढीच, की हिशेबातला सगळ्यात अवघड भाग दोन वाक्यांत उरकला जातो. तो म्हणजे हुकूकुल इबाद, माणसांची माणसांकडे असलेली देणी.

कुराणात "कोणी दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही" हे पाच ठिकाणी आलंय (६:१६४, १७:१५, ३५:१८, ३९:७, ५३:३८). कणभर भलाई केली तर ती दिसेल, कणभर वाईट केलं तर तेही दिसेल (९९:७-८). आणि सही मुस्लिम या पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातली मुफलिसची (दिवाळखोराची) हदीस, म्हणजे वचन, तर प्रत्येक घरात वाचली पाहिजे. पैगंबर साहेबांनी सहाबांना (आपल्या साथीदारांना) विचारलं, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा-अडका नाही तो. पैगंबर म्हणाले, माझ्या उम्मतचा (अनुयायांमधला) दिवाळखोर तो, जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल. त्याच्या नेक्या एकेका हक्कदाराला वाटल्या जातील. नेक्या संपल्या की त्या लोकांचे गुनाह त्याच्या अंगावर टाकले जातील.

आता आपल्याकडे काय चालतं बघा. मय्यत अजून घरात असते, गुसल (अंघोळ) व्हायचा असतो. बायका विधवेभोवती बसलेल्या. त्यातली एखादी वडीलधारी तिचा हात धरून म्हणते, "मेहर माफ केली म्हण, त्याची कबर हलकी होईल." भरल्या घरात, समोर नवऱ्याची मय्यत असताना कोण नाही म्हणेल? हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन त्याच जमिनीच्या पैशातून उमरा (मक्केची यात्रा) करणारे भाऊही बघितलेत. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ही फेड नाही, आणि आखिरतवर खरा विश्वास असणाऱ्याला यापुढे झोप लागायला नको.

विवेकाचा_वाटसरू

ताई, तळमळ पटते, मार्ग पटत नाही. बहिणीला वाटा हवाय तो आज, मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी. कयामतीला भावाच्या नेक्या मिळून तिचं काय भागणार? न्याय मेल्यावर होईल असं सांगितलं की जिवंतपणी भांडायची गरज उरत नाही. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत नेला तो कायदा मागण्यासाठी. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं तेही याच वाटेने. शिवाय, आगीच्या भीतीने दिलेला वाटा हा व्यवहार झाला, त्यात नीती कुठे आली?

खाडीकाठची

कायदा हवाच, त्यात वाद नाही. पण कायद्याला तक्रारदार लागतो. माहेरचं दार बंद होईल म्हणून बहीण कोर्टात जातच नाही. तिथे भावाच्या मनात काय आहे यावरच सगळं अवलंबून असतं. आणि सगळं मेल्यावरच सोपवलंय हेही खरं नाही. सूरह निसाच्या ११ आणि १२ व्या आयतीत मृत्युपत्र आणि कर्ज भागवून मगच वाटे करायला सांगितलंय. मेहर कर्जातच येते. म्हणजे भावांनी जमीन मोजायला घेण्याआधी विधवेचा पैसा बाजूला काढायचा. याच जगात, याच आठवड्यात. भीतीबद्दल म्हणाल, तर बसऱ्याच्या सूफी संत राबियांनी स्वर्गाच्या आशेशिवाय आणि नरकाच्या भयाशिवाय इबादत करायचा आग्रह धरला होता. तो दर्जा फार थोड्यांचा. बाकीच्यांना हिशेबाची जाणीव लागते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

बागवान

अस्सलामु अलैकुम. बहनजी, तुम्ही अर्धीच बाजू मांडताय. "अल्लाहच्या रहमतीतून (कृपेतून) निराश होऊ नका" ही आयत (३९:५३) कुठे गेली? पैगंबर साहेबांनी सांगितलंय की कुणीही फक्त स्वतःच्या अमलावर (कृत्यांवर) जन्नतमध्ये जाणार नाही, मीही नाही, अल्लाहने रहमतीत घेतलं तरच. वहीखात्यासारखा दीन शिकवला तर तरुण पोरं घाबरून लांब जातात. आणि मेहर माफ करायला कुराणातच मुभा आहे, सूरह निसा, आयत ४. बीवीने दिलं तर खुशाल खा असं म्हटलंय. मग मय्यतीवेळी विचारण्यात गैर काय?

खाडीकाठची

वालेकुम अस्सलाम भाई. त्याच आयतीत अट आहे, बीवीने आपल्या राजीखुशीने दिलं तर. मय्यतीशेजारी कसली राजीखुशी? रहमतीचं म्हणाल तर ती अफाट आहे. पण शहीदाचेसुद्धा सगळे गुनाह माफ होतात, कर्ज सोडून, हीही सही मुस्लिमचीच हदीस आहे. अल्लाह स्वतःचा हक्क सोडेल. माझा हक्क मात्र माझ्याकडेच मागावा लागेल. मला तर यातच अल्लाहचा इन्साफ दिसतो, त्याने गरीब बाईचा हक्क तिच्या हातात ठेवलाय.

तालुका_वकील

कायद्याचं थोडं. पतीच्या मृत्यूच्या धक्क्यात असताना विधवेने मेहर सोडली तर ती मुक्त संमती नव्हे, असं आपल्या न्यायालयांनी पूर्वीच धरलंय. मेहरसाठी ती मृत्यूनंतर तीन वर्षांत दावा लावू शकते. आणि वडील हयात असताना मुलीने वारसा सोडला तर नुसतं तेवढ्याने मुस्लिम कायद्यात तिचा हक्क जात नाही. बायकांना यातलं काही माहीत नसतं.

पहिल्या_बाकावरचा

माझा प्रश्न वेगळा आहे. सगळं तकदीरमध्ये लिहिलंय तर भावाने वाटा खाल्ला हेही लिहिलेलंच. मग जाब त्याला का?

बागवान

हा वाद फार जुना आहे. मुअतजिला पंथाचे विद्वान म्हणत, माणूस आपल्या कृत्याचा कर्ता आहे, नाहीतर शिक्षा अन्याय ठरेल. अशअरी पंथाचे म्हणत, निर्माण अल्लाह करतो, पण माणूस ते कृत्य कमावतो, म्हणून जबाबदार. मला दुसरे खलिफा हजरत उमरांचं उत्तर पुरतं. शामच्या (सीरियाच्या) वाटेवर प्लेगची खबर आली आणि ते मागे फिरले. कुणीतरी म्हणालं, अल्लाहच्या तकदीरपासून पळताय? ते म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे. वाटा खाणाऱ्याने तकदीर पुढे करू नये, इथे मी बहनजींसोबत आहे. पण बयानात रहमत आधी यावी, हे मी सोडणार नाही.

माळकरी

आमच्याकडे संचित-प्रारब्धात पुढचा जन्म असतो. एकाच आयुष्यावर कायमचा निकाल मला कठोर वाटतो. ज्याच्यापर्यंत संदेश पोहोचलाच नाही, त्याचं काय?

खाडीकाठची

दादा, १७:१५ मध्येच आहे, पैगंबर पाठवल्याशिवाय आम्ही शिक्षा देत नाही. कठोर मलाही वाटतं. म्हणून तर दुरुस्ती इथेच, हयातीत करायची.

बागवान

एक विचारतो, वाद म्हणून नाही. आमच्या अब्बांनी फुफूंना (आत्याला) वाटा दिला नव्हता. आता दोघंही नाहीत. मग?

खाडीकाठची

फुफूंची मुलं आहेत ना? मग वाटा त्यांचा. तुम्ही भाऊ-बहिणी बसून, वकीलसाहेबांना विचारून रक्कम काढा आणि त्यांच्या हातात द्या. वारसच सापडले नाहीत, तर फुफूंच्या नावाने सदका (दान) करायला उलमा (धर्मपंडित) सांगतात. पण सापडत असताना सदक्यावर भागवू नका.

बागवान

दोघं जण आहेत. एक मिरजेत, एक दुबईत. अम्मीशी आज बोलतो.