गणपतीच्या हाताला भेग गेली आहे, लिंपू की हात उतरवू?

दांडियाबाजारची_लेक
नमस्कार. मी बडोद्याची. बाबा दर वर्षी घरी शाडूचे पाच-सहा गणपती करायचे. विकायला नाही, नात्यातल्या आणि शेजारच्या घरांसाठी. गेल्या वर्षी बाबा गेले. या वर्षी मी पाच केले. चार नीट वाळले. पाचवा शेजारच्या काकूंचा. त्याच्या मागच्या उजव्या हाताला, अगदी खांद्यापाशी, केसाएवढी भेग गेली आहे. दिसत नाही, पण नख फिरवलं की अडकतं.

चतुर्थीला नऊ दिवस राहिलेत. रंग आणि डोळ्यांची आखणी पाचांचीही बाकी आहे. वरून माती लिंपून, पॉलिश पेपर मारून रंग दिला तर काकूंना कधीच कळणार नाही. पण दोन रात्री मला झोप नाही. बाबांनी अशा वेळी काय केलं असतं तेही सांगता येत नाही, कारण त्यांच्या मूर्तीला भेग गेलेली मी कधी पाहिलीच नाही. आणि अशी मूर्ती पुजायला चालते का?

नित्यपूजा
ताई, प्राणप्रतिष्ठा चतुर्थीला होते. तोवर ती माती आहे, हवी तशी दुरुस्त करा, दोष नाही. प्रतिष्ठा झाल्यावर भंगली तर गोष्ट वेगळी.

शाडूवाले_काका
दोष नाही हे खरं, पण लिंपू नका.

हात नंतर जोडलात ना? धड निम्मंअधिक वाळलेलं असताना ओला हात लावला की हाताची माती वाळताना आक्रसते, धड आपल्या जागी राहतं आणि सांधा उकलतो. म्हणजे भेग वरची नाही, आतून आलेली आहे. वरचं लिंपण रंगाबरोबर छान दिसेल, आणि वजन पडलं की सुटेल.

हे मी केलेलं आहे म्हणून सांगतो. एका वर्षी घाईत होतो, लिंपून दिली. विसर्जनाला नवलखीच्या तलावावर त्या घरातल्या आजोबांनी मूर्ती पाटावरून उचलली आणि हात निखळून त्यांच्या ओंजळीत आला. आजोबा तिथेच मटकन बसले. आपल्या हातून देवाचं काही चुकलं असं त्यांच्या मनाने घेतलं. मी मागेच उभा होतो. पुढे होऊन सांगितलं की आजोबा, चूक माझी आहे, तुमची नाही. त्यांनी मान हलवली, पण पुढचं वर्षभर ते चुटपुटत राहिले. तेव्हापासून सांधा जोडताना मला त्यांची ओंजळ दिसते.

आता असं करा. सांध्याभोवती ओलं फडकं गुंडाळा, वरून प्लास्टिक, रात्रभर ठेवा. सकाळी माती नरम होईल, मग पातळ सुरीने हात अलग करा. हात आणि खांदा दोन्ही सारखे ओलसर हवेत, हे महत्त्वाचं. दोन्ही तोंडांवर कोरणीने उभ्या-आडव्या रेघा ओढा. त्याच मातीचा वाळलेला चुरा पाण्यात साईसारखा कालवून दोन्हीकडे लावा आणि हात दाबून धरा. किती वेळ? मी अथर्वशीर्षाचं एक आवर्तन म्हणतो, ते पुरं होईपर्यंत बोट हलवत नाही. नंतर ओलसर फडकं घालून दोन दिवस सावलीत. पंखा नको, ऊन नको.

नऊ दिवस पुष्कळ झाले. रंगातली नक्षी कमी करा, सांध्याचा वेळ कमी करू नका.

सूरसागर
काकांचं वाचून आपल्या बडोद्याचाच मोत्यांचा गालिचा आठवला. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी, असं सांगतात. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर बसऱ्याचे १५ लाखांहून अधिक मोती. १८७० मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे २००९ मध्ये दोह्याला त्याचा लिलाव झाला. जिथे वाहायचा होता तिथे तो गेलाच नाही. तरी फोटो मोठा करून बघा, मोत्याला मोती खेटून आहे, वेलीच्या प्रत्येक वळणावर. सुई धरणाऱ्या त्या माणसांचा मला फार आदर वाटतो. ताई, तुमची मूर्ती तर भिंतीपलीकडे जायची आहे, आणि ज्यांच्याकडे जाणार त्या काकूंना तुम्ही ओळखता.

दांडियाबाजारची_लेक
काका, आज सकाळी हात उतरवला. आत बोटाच्या पेराएवढी जागा कोरडी ठक्क होती, मी लावलेली माती तिथवर पोचलीच नव्हती. लिंपलं असतं तर हात नुसता सालावर राहिला असता.

मग काकूंना बोलावून दाखवलंच. मला वाटलं नाराज होतील. त्या पदर खोचून खाली बसल्या आणि म्हणाल्या, तू मूर्ती सांभाळ, हात मी धरते. अथर्वशीर्ष दोघींनी म्हटलं. त्यांचा अंगठा शेवटपर्यंत हलला नाही, 'वरदमूर्तये नमः' झाल्यावरच त्यांनी तो उचलला. अंगठ्याचा ठसा खांद्यावर उमटला आहे, तो वाळल्यावर घासेन.

मूर्ती फडकं घालून कोनाड्यात ठेवली आहे. पंखा बंद, आम्ही सगळे घामाघूम. आज रात्री बाकीच्या चारांचे सांधे नखाने तपासते, त्यांचेही हात मी तसेच जोडले होते.